रोज किती माणसं आत सोडायची, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लेजर, रिक्रिएशन, टुरिझम, कॅरिंग कपॅसिटी, व्हिजिटर एक्सपिरियन्स हे सगळे शब्द कोर्सला पाठ केले, आता तळ्याकाठच्या एका मोठ्या पार्कवर असिस्टंट मॅनेजर म्हणून जॉइन व्हायचंय आणि साहेबांनी पहिलंच काम दिलंय की रोज जास्तीत जास्त किती लोक आत सोडायचे तो आकडा काढून द्या. तर यातलं नेमकं काय कामाला येतं आणि तो आकडा काढायचा कसा?

मी 22 वर्षं हेच काम करतेय, तळी, जंगलातल्या पायवाटा, कॅम्पसाइट, सगळीकडे. म्हणून आधी आकड्याचंच सांगते. तो आकडा जमिनीत पुरलेला नसतो की खणला आणि सापडला. तुम्हाला तिथे काय टिकवायचंय हे आधी ठरतं आणि मग आकडा त्यातून निघतो, आणि बऱ्याचदा असं होतं की आकडा लावायची गरजच पडत नाही, दुसऱ्या चार गोष्टींनी काम होतं. पण हे साहेबांना पटवायचं तर कन्सेप्ट पक्के लागतात, म्हणून जरा मुळापासून जाऊ.

फावला वेळ, त्या वेळात माणूस जे करतो ते, आणि त्यासाठी तो नेहमीच्या परिसराबाहेर जातो ते. लेजर, रिक्रिएशन, टुरिझम यांच्यातला फरक एवढाच आहे, पण कामावर तो रोज आडवा येतो. तुमच्या तळ्याकाठच्या एकाच बाकावर दिवसभरात तीन माणसं बसून जातात. सकाळी सहाला रोज चालायला येणारे एक काका, दुपारी तासाभराच्या अंतरावरून गाडीने आलेली फॅमिली, आणि संध्याकाळी जवळच्या हॉटेलात दोन रात्री राहिलेलं जोडपं. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे पर्यटक म्हणजे किमान एक रात्र मुक्काम करणारा, त्यामुळे टुरिस्ट फक्त ते जोडपं, फॅमिली झाली सेम-डे व्हिजिटर आणि काका तर कुठल्याच पर्यटनाच्या आकडेवारीत नाहीत. पण बाकावर सगळ्यात जास्त हक्काने बसणारे तेच! जोडप्याला बोर्ड लागतात कारण त्यांना रस्ता माहीत नाही, फॅमिलीला पार्किंग आणि टॉयलेट लागतं आणि तेही सगळ्यांना एकाच तीन-चार तासांत, काकांना यातलं काहीच नको असतं, त्यांना फक्त काल होतं तसं आज हवं असतं. तिकिटाच्या आकड्यांवर प्लॅन केला की काका प्लॅनमधून गायब होतात, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय.

आणि विरंगुळा ही चैन नाही हो. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 24 वं कलम विश्रांती आणि फावल्या वेळाच्या हक्काचं आहे, त्याच्याही आधी 1936 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी सुट्टीचा करार केला होता. हे अशासाठी सांगतेय की पुढे तुम्ही तिकीट वाढवायचा किंवा गेट बंद करायचा निर्णय घ्याल तेव्हा कोणाच्या तरी हक्काला हात लावताय याची जाणीव असू दे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट. जॉन न्यूलिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 च्या सुमारास मांडलं की लेजर म्हणजे घड्याळातला मोकळा वेळ नव्हे, तर ‘हे मी माझ्या मनाने करतोय’ ही भावना. ती भावना गेली की सुट्टी असून विरंगुळा राहत नाही. आता हे डोक्यात ठेवून तुमच्या गेटवरचे बोर्ड वाचा. इथे बसू नये, तिथे चालू नये, हे करू नये, ते करू नये, दंड होईल. प्रत्येक बोर्डामागे काहीतरी खरं कारण असतं हे मला मान्य आहे, पण दहा बोर्ड एकत्र आले की माणूस फिरायला आलाय असं त्याला वाटतच नाही. म्हणूनच आपल्या क्षेत्रात थेट आणि अप्रत्यक्ष व्यवस्थापन असा फरक करतात. थेट म्हणजे नियम, गार्ड, दंड. अप्रत्यक्ष म्हणजे पायवाट अशी वळवायची की ओल्या जमिनीकडे कोणाचं पाऊलच वळू नये, बाक अशा ठिकाणी ठेवायचे की लोक आपोआप तिथेच बसावेत. दुसरं जमत असेल तिथे पहिलं वापरू नका. अर्थात जिथे जिवाचा धोका आहे तिथे सरळ नियम आणि सरळ गार्ड, त्यात काही मन राखायचं नाही.

एक्सपिरियन्सबद्दल. आपण अनुभव बनवत नाही, तो माणूस स्वतः बनवतो, आपण फक्त परिस्थिती देतो. ती परिस्थिती तीन गोष्टींची असते: जागा कशी आहे, आजूबाजूला माणसं किती आणि कशी आहेत, आणि व्यवस्थापन किती दिसतंय. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने (म्हणजे तिथल्या वनखात्याने) 1979 च्या सुमारास यावरून एक पट्टा बनवला, रिक्रिएशन ऑपॉर्च्युनिटी स्पेक्ट्रम, एका टोकाला माणसाचा स्पर्श नसलेलं जंगल आणि दुसऱ्या टोकाला शहरी बाग, मधे चार पायऱ्या. यातला मुद्दा वर्गांची नावं पाठ करणं हा नाहीये. मुद्दा हा आहे की सरासरी पर्यटक नावाचा माणूस अस्तित्वातच नसतो. कोणाला शांतता हवी, कोणाला गर्दीतली मजा हवी, दोघांची सरासरी काढून जागा बनवली तर ती दोघांनाही नको असते. म्हणून अख्ख्या तळ्याचा एक आकडा काढायच्या ऐवजी तळ्याचे तुकडे पाडा, गेटजवळचा किनारा गजबजलेला, मधला भाग मध्यम, आणि लांबचा काठ शांत, मग प्रत्येक तुकड्याला वेगळा न्याय लावा.

लांबच्या काठावरून आठवलं, हे जरा सविस्तर सांगते कारण यातून मी स्वतः शिकले. एका तलावावर मी काम करायचे तिथे उत्तरेच्या काठाला पक्षी बघायला एक लाकडी आडोसा होता आणि आत सुतळीने बांधलेली एक वही आणि पेन्सिल. कोणी काय पाहिलं ते तारीख घालून लिहायचं अशी पद्धत. आमचा दरवर्षी सर्व्हे व्हायचा, समाधानी आहात का, आणि निकाल दरवर्षी छानच यायचा, गर्दी वाढत होती तरी समाधान जरासुद्धा हललं नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळे खूश. मग एकदा पावसाळ्यानंतर आडोशाचं छप्पर दुरुस्त करायचं निघालं म्हणून मी आत गेले आणि सहज वही उघडली. पहिली पन्नासेक पानं बारीक अक्षरात गच्च भरलेली, पक्ष्याचं नाव, संख्या, वारा कुठला, वेळ. मग हळूहळू नोंदी विरळ. मग बदाम, नावं, हॅपी बर्थडे, कोणीतरी काढलेली फुली-गोळ्याची चौकट. पक्ष्यांची शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. ती माणसं निघून गेली होती, तक्रार न करता, आणि सर्व्हेमध्ये कुठून दिसणार, सर्व्हे तर जे येतात त्यांचाच असतो ना! ज्यांना गर्दी चालत नाही ते जातात, ज्यांना चालते ते येतात, आणि समाधानाचा टक्का आहे तिथेच राहतो. याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. कोर्समध्ये मी हा शब्द परीक्षेत लिहिला होता आणि मार्कही मिळवले होते, पण मला तो कळला त्या दिवशी, हातात ती वही धरून.

रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाने 1982 मध्ये सिरियस लेजर आणि कॅज्युअल लेजर असा जो फरक केला तो इथे लागू पडतो. कॅज्युअल म्हणजे सहज गंमत म्हणून, सिरियस म्हणजे वर्षानुवर्षं कष्ट करून कौशल्य मिळवण्याचा प्रकार, पक्षीनिरीक्षण, गिर्यारोहण, हौशी नाटक वगैरे. दोन्ही तितकेच खरे, कमी-जास्त काही नाही. पण सिरियसवाले संख्येने कमी असतात आणि सगळ्यात आधी निघून जातात, म्हणून त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष ठेवावं लागतं.

आता कॅरिंग कपॅसिटी, म्हणजे धारणक्षमता. हा शब्द आपल्या क्षेत्रात आला तो कुरणांच्या हिशोबातून, इतक्या जमिनीवर इतकी गुरं चरली तर गवत टिकतं. 1964 मध्ये जे. अॅलन वॅगर यांनी तो मनोरंजनाच्या जागांना लावून बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं की गवत-मातीचा हिशोब अर्धाच आहे, माणसांना तिथे काय हवंय हा उरलेला अर्धा. आज साधारण असं बघतात की जमीन-पाणी-प्राणी किती सोसतील, पार्किंग-टॉयलेट किती पुरतील, अक्षरशः माणसं किती मावतील, आणि किती गर्दी झाली की लोकांना ती जागा आपली वाटेनाशी होते. चारही वेगवेगळे आकडे येतात. यातला जो सगळ्यात आधी भरतो तो तुमचा खरा आकडा, आणि तो जागेप्रमाणे बदलतो.

फ्रान्समधल्या लास्को गुहेत तो निसर्गाचा होता. हजारो वर्षांपूर्वीची चित्रं, 1940 मध्ये सापडली, 1948 मध्ये लोकांसाठी उघडली, 1955 पर्यंत रोज हजारावर माणसं यायला लागली आणि त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा, उष्णता यांनी भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. 1963 मध्ये गुहा बंदच करावी लागली. नंतर 1983 मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उभारून ती लोकांना उघडली. तिथे योग्य आकडा शून्य होता, त्याला इलाज नव्हता.

थायलंडच्या माया बे ची गोष्ट थोडी वेगळी. 2018 च्या जूनमध्ये तो किनारा बंद केला, प्रवाळ आणि किनारा सावरू दिला आणि 2022 च्या जानेवारीत पुन्हा उघडला, पण फक्त माणसं मोजून सोडली असं नाही केलं. बोटींना खाडीत यायलाच बंदी केली, धक्का बेटाच्या मागच्या बाजूला बांधला, आणि दरवर्षी काही काळ जागा बंद ठेवायला लागले. बोटींचे नांगर हे प्रवाळाच्या नुकसानीचं मोठं कारण होतं, त्यामुळे माणसं निम्मी करून बोटी तशाच आत येऊ दिल्या असत्या तर फारसं साधलं नसतं. साहेबांना हे उदाहरण नक्की सांगा, कारण यात दिसतं की नुकसान संख्येने कमी आणि वागण्याने जास्त होतं.

मी स्वतः केलेली चूक पण सांगते. एका पायवाटेवर गर्दी फार व्हायला लागली म्हणून मीच सुचवलं की थोडी गर्दी शेजारच्या झाडीतून नव्या वाटेवर वळवू. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही का. एकाच मोसमात ती नवी वाट जुन्या वाटेइतकीच उघडी पडली आणि जुनी काही सुधारली नाही. कारण तुडवण्याचं नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या थोड्या पावलांनीच झाडोरा जातो, माती दबते, आणि त्यानंतर शंभर माणसं काय नि पाचशे काय, फरक कमी कमी होत जातो. हे 1960 च्या दशकापासून कॅम्पसाइटवर मोजून दाखवलेलं आहे आणि मी वाचलेलंही होतं! म्हणून नियम असा की जिथे वापर जास्त आहे तिथे लोकांना एकाच पक्क्या वाटेवर ठेवा, खडी टाका, फळ्या टाका, कठडा घाला, पण पसरवू नका. पसरवणं चालतं ते फक्त अगदी विरळ वर्दळीच्या जंगलात, तेही लोक एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत नसतील तरच.

धारणक्षमतेचा एकच आकडा काढण्यातल्या या सगळ्या अडचणींवर उत्तर म्हणून अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या संशोधकांनी 1985 मध्ये लिमिट्स ऑफ अॅक्सेप्टेबल चेंज (बदलाच्या चालतील अशा मर्यादा) ही पद्धत मांडली, नंतर मोंटानातल्या बॉब मार्शल वाइल्डरनेसमध्ये तिच्यावरून प्लॅनही केला. ती प्रश्नच उलटा करते. ‘किती माणसं चालतील’ च्या ऐवजी ‘किती बदल चालेल’. माणूस आला की बदल होणारच, तो किती सहन करायचा हे आधी ठरवा, मोजता येईल असं चिन्ह निवडा, त्याची मर्यादा लिहून ठेवा, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं तेही आधीच लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मर्यादा ओलांडल्यावर चर्चा सुरू केली की ती कधीच संपत नाही.

उदाहरणार्थ शांत काठासाठी चिन्ह धरा की सकाळच्या एका तासात आडोशातून दुसरे किती गट दिसतात. पायवाटेसाठी चिन्ह धरा की ठरलेल्या दहा जागी उघड्या मातीची रुंदी किती, टेप घेऊन. गेटजवळच्या काठाला शांततेचं चिन्ह लावायचंच नाही, तिथे टॉयलेटची रांग मोजा. मर्यादा किती ठेवायची हे मात्र विज्ञान सांगत नाही, ते मूल्य आहे, ते काकांशी, फॅमिलीशी, पक्षीवाल्यांशी बोलून ठरवायचं असतं. बऱ्याच तज्ज्ञांना हे मान्य करायला जड जातं, पण ते तसंच आहे.

एवढं सगळं करून आकडा लावायचीच वेळ आली, तर पुढचा प्रश्न की वाटायचं कसं. अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये हाफ डोम नावाच्या कड्यावर केबल धरून चढतात, तिथे रोज साधारण 300 परमिट असतात, आणि झायन नॅशनल पार्कमधल्या एंजल्स लँडिंग या कड्याच्या वाटेला 2022 पासून लॉटरी आहे. पण प्रत्येक पद्धत कोणाला तरी झुकतं माप देते. तिकीट वाढवलं की पैसेवाला आत येतो, रांग लावली की ज्याच्याकडे वेळ आहे तो, आगाऊ बुकिंग ठेवलं की ज्याला महिनाभर आधी सुट्टी माहीत असते आणि फोनवर झटपट क्लिक जमतं तो. लॉटरी सगळ्यांना सारखी, पण ज्याने वीस वर्षं वाट बघितली आणि ज्याला कालच सुचलं ते दोघे सारखेच होतात. मी तरी शक्यतो मिश्रण करते, काही जागा बुकिंगला, काही त्याच दिवशी येणाऱ्यांना. आणि रोज चालायला येणाऱ्यांना या सगळ्यातून वगळते, सकाळी आठपर्यंत गेट मोकळं.

अजून एक कन्सेप्ट जो तुम्हाला उद्यापासून कामाला येईल. 1966 मध्ये क्लॉसन आणि नेच या अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की रिक्रिएशनचा अनुभव पाच टप्प्यांचा असतो: आधीची तयारी, जाणं, तिथे असणं, परत येणं, आणि नंतर आठवणं. आपण सगळं लक्ष मधल्या टप्प्यावर देतो. आमच्या एका साइटवर खराब शेरे यायचे ते सगळे रविवारचे, आम्ही समजत होतो गर्दीमुळे. प्रत्यक्षात एक्झिट एकच होता, संध्याकाळी सगळे एकदम निघायचे आणि पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास, मागच्या सीटवर पोरं रडतायत, आणि घरी पोचून फोनवर शेरा लिहिला जातोय तो याच पाऊण तासाचा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की आठवणीत अनुभवाचा सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट हे दोन जास्त उरतात, एकूण किती वेळ गेला ते नाही. आम्ही मागचं सर्व्हिस गेट रविवारी चार ते सात उघडलं आणि एक माणूस उभा केला जो प्रत्येक गाडीला किती वेळ लागेल ते सांगायचा. थांबायचं कारण आणि वेळ कळली की तेच थांबणं छोटं वाटतं, हे 1985 मध्ये डेव्हिड मेस्टर यांनी रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना मांडलं होतं, आणि ते शब्दशः खरं आहे.

बटलर यांचं 1980 चं डेस्टिनेशन लाइफ सायकल आणि डॉक्सी यांचा 1975 चा चिडचिडीचा निर्देशांक हे दोन्ही कोर्समध्ये फार चघळतात. जागा सापडते, वाढते, साचते, मग उतरते किंवा नव्याने उभी राहते. आणि आसपासचे लोक आधी आनंदी, मग बेफिकीर, मग वैतागलेले, मग उघड विरोधात. धोक्याची घंटा म्हणून ठीक, पण वेळापत्रक म्हणून वापरू नका, सगळ्या जागा याच क्रमाने जात नाहीत. काकांनी नमस्काराला उत्तर देणं बंद केलं की मला निर्देशांक लागत नाही.

तर साहेबांना काय द्यायचं. एक पान द्या. तळ्याचे तीन पट्टे, प्रत्येकाला दोन चिन्हं, प्रत्येक चिन्हाची मर्यादा, ओलांडली तर पहिलं पाऊल, मग दुसरं. आकडा हवाच असेल तर पार्किंगचा द्या, गाड्या किती मावतात, दर गाडीत सरासरी माणसं किती, दिवसातून पार्किंग किती वेळा भरून पुन्हा रिकामं होतं, या तिघांचा गुणाकार. तो खरा आहे, मोजता येतो आणि त्याच्या खाली स्पष्ट लिहा की ही फक्त सोयींची मर्यादा आहे, तळ्याची नाही. आणि ते पान लिहायच्या आधी एक आठवडा ऑफिसात बसू नका. दोन दिवस पहाटे लांबच्या काठावर, दोन दिवस दुपारी टॉयलेटच्या रांगेपाशी, आणि रविवारी चार ते सात एक्झिटवर, घड्याळ आणि वही घेऊन. तिथे आडोसा असेल तर आत डोकावून बघा, वही टांगलेली आहे का, आणि शेवटची नोंद कधीची आहे.